जर्सी घालण्याआधी: कोल्हापूरच्या मैदानात उतरणाऱ्या ख्रिस्ती मुलामुलींसाठी

दिवाळी सरली आणि शाहू स्टेडियमवर मॅचेसचे वारे वाहू लागले की आमच्या चर्चच्या तरुण संघातली दोन-तीन पोरं उपासनेनंतर मला बाजूला घेतात. कुणाची पेठेच्या टीममध्ये निवड झालेली असते, कुणी शाळेच्या संघातून जिल्ह्यापर्यंत पोचलेलं असतं. परवा एक मुलगी आली, ती मुलींच्या संघात गोलकीपर आहे. सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. रविवारी मॅच लागली तर काय करू? मॅचच्या आधी नारळ फोडतात तेव्हा मी कुठे उभा राहू? समोरचा आईवरून शिवी देतो, तेव्हा?

मी तेरा वर्षं बॅकला खेळलो. आता लहान मुलांना फुटबॉल शिकवतो आणि संडे स्कूलचा एक वर्ग घेतो. या पोरांना चर्चच्या पायरीवर उभं राहून जे सांगतो, तेच इथं सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट सगळ्यात आधी. मैदानात विचार करायला वेळ नसतो. कॉर्नरला कुणी कुठं पळायचं हे आपण सरावात दहा वेळा घोटतो, म्हणून मॅचमध्ये पाय आपोआप तिकडं जातात. खरेपणाचंही तसंच आहे. बॉल हाताला लागला तर काय करायचं, हे हाताला लागल्यावर ठरवायला गेलात तर समोर गोल दिसत असतो आणि मागं सगळी पेठ ओरडत असते. त्या घटकेला निर्णय तुम्ही घेत नाही, गर्दी घेते. म्हणून खालच्या बऱ्याच पायऱ्या मैदानाबाहेरच्या आहेत. मोसम सुरू होण्याआधी त्या चढून घ्या.

पहिली पायरी: रविवारचं काय, ते नोंदणीच्या आधी बोला

कोल्हापुरातल्या बहुतेक मोठ्या मॅचेस दुपारच्या असतात आणि उपासना सकाळी. त्यामुळं थेट टक्कर वाटते तितक्या वेळा होत नाही. अडचण येते ती रविवार सकाळच्या सरावाची, दिवसभर चालणाऱ्या शालेय आणि क्रिकेटच्या स्पर्धांची आणि बाहेरगावच्या टूर्नामेंटची. शिवाय आपला फुटबॉलचा मोसम नाताळापासून उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि पुनरुत्थानाच्या रविवारापर्यंत पसरलेला असतो.

रविवारी खेळणं चूक की बरोबर, यावर आपल्याच मंडळ्यांमध्ये एकमत नाही. माझं मत असं की रविवारची सकाळ प्रभूची, त्यात तडजोड नाही. दुपारी मात्र मी खेळलोय आणि त्याची मला टोचणी लागली नाही. तुमच्या घरात वेगळं मानत असतील तर आई-वडील आणि पाळकसाहेबांबरोबर बसून ठरवा. पण ठरवा नोंदणीच्या आधी. एकदा केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, नाव गेलं की त्या मोसमापुरते तुम्ही त्या संघाचे होता. मग ऐन सेमीफायनलला 'मी येऊ शकत नाही' म्हणणं हा पंधरा जणांचा विश्वासघात आहे, आणि त्याला श्रद्धेचं नाव देता येत नाही.

बोलायचं कसं? कोचला एकटं गाठा आणि सरळ सांगा: "सर, रविवारी सकाळी साडेअकरापर्यंत मी चर्चमध्ये असतो. त्या बदल्यात शनिवारी संध्याकाळी जादा सराव करतो. नाताळ आणि गुड फ्रायडेच्या तारखा ह्या कागदावर लिहून दिल्यात." कागद खरंच द्या. कोचला अडचण तुमच्या धर्माची नसते, ऐनवेळी माणूस कमी पडण्याची असते.

यावर एरिक लिडलचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच देतात. हा स्कॉटिश धावपटू १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर धावला नाही, कारण प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. पुढं त्यानं ४०० मीटरचं सुवर्णपदक ४७.६ सेकंदांत जिंकलं. सांगायचं राहतं ते हे, की त्याचा नकार ऐनवेळचा नव्हता. वेळापत्रक त्याला काही महिने आधी कळलं होतं, त्यानं तेव्हाच नाही म्हटलं आणि मधल्या काळात ४०० मीटरचा कसून सराव केला. दोन्ही रिलेंमध्येही तो याच कारणानं धावला नाही. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दुसऱ्या महायुद्धात तो चीनमध्ये जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत होता. तिथली पोरं रविवारी हॉकी खेळताना पंच नसल्यानं मारामाऱ्या करू लागली, तेव्हा याच लिडलनं रविवारी शिट्टी हातात घेतली. स्वतःच्या पदकासाठी जो नियम त्यानं मोडला नाही, तो दुसऱ्यांच्या लेकरांसाठी बाजूला ठेवला. १९४५ मध्ये त्याच छावणीत तो वारला.

दुसरी पायरी: नारळ, मारुती आणि गुलाल

ही पायरी इतर गावांतल्या मार्गदर्शनात सापडणार नाही, म्हणून इथं जरा थांबतो.

१८५२ मध्ये वायल्डर नावाचे मिशनरी कोल्हापुरात आले, तिथून इथल्या मंडळीचा इतिहास मोजतात. म्हणजे आपण इथलेच, जुने. पण संख्येनं थोडे. पेठेच्या टीममध्ये तुम्ही बहुधा एकटेच ख्रिस्ती असाल. आपले बहुतेक संघ तालमींतून उभे राहिलेत आणि तालीम म्हटली की मारुती आला. मोसमाचा नारळ फुटतो, जर्सीची पूजा होते, मैदानात शिरताना गजर होतो, जिंकलं की गुलाल उधळतो. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. तुमच्या सवंगड्यांसाठी ती त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली गोष्ट आहे.

माझ्या पहिल्या मोसमात मी घाबरून गेलो होतो. नारळाच्या वेळी गेटपाशी जाऊन बुटाची लेस बांधत बसायचो. लेस बांधलेलीच असायची. चार मॅचेस असं चाललं. पाचव्या मॅचला कॅप्टन माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. "का रं, आमच्यात उभं राहायला लाजतोस व्हय?" मला वाटत होतं मी माझी श्रद्धा जपतोय, त्यांना वाटत होतं मला माज आलाय. मी सांगितलं, मी ख्रिस्ती आहे, पूजेत भाग घेऊ शकत नाही, पण तुमचा अपमान करायचा नाही. तो म्हणाला, "मग आधी सांगायचंस की! लेस कसली बांधतोस?" त्या दिवसापासून मी टीमबरोबर उभा राहू लागलो, हात मागं, मनात माझी प्रार्थना. आणि नारळ झाला की कॅप्टन माझ्याकडं बघून विचारायचा, "तुझं झालं?" मी मान हलवल्यावरच आम्ही आत जायचो. संपूर्ण मोसम.

तेव्हा पहिलं काम म्हणजे सांगून टाका, आणि माणसाला सांगा, ग्रुपवर मेसेज टाकून नव्हे. दुसरं, टीमबरोबर उभे राहा. तिसरं, दुसऱ्याच्या पूजेवर ना तिथं बोला, ना घरी येऊन चेष्टा करा. चर्चच्या आवारात केलेली चेष्टाही पेठेत पोचतेच, आणि नाही पोचली तरी ती चूकच आहे.

प्रसादाचं काय, हा पुढचा प्रश्न. मला फार उशिरा एक गोष्ट उमगली. पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात नवव्या अध्यायाच्या शेवटी शर्यतीचा आणि मुष्टियुद्धाचा दाखला आहे, तो आपल्या प्रत्येक क्रीडा-प्रार्थनेत वाचला जातो. पण आठवा आणि दहावा अध्याय कशावर आहेत? मूर्तीला वाहिलेल्या अन्नावर. म्हणजे आपल्या पोरांचे दोन्ही प्रश्न पौलाच्या एकाच पत्रात शेजारीशेजारी आहेत. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरायचे. विजेत्याला पाइनच्या डहाळ्यांचा किंवा सेलरीच्या पानांचा मुकुट मिळायचा, आणि तो चार दिवसांत वाळायचा. नाशवंत मुकुट म्हणजे काय, हे त्या वाचकांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. शहरात मंदिरं होती, खेळांत देवांची पूजा होती, आणि त्यातच राहणाऱ्या थोड्याशा विश्वासी लोकांना पौल लिहीत होता. खासबागच्या मैदानाशेजारी राहणाऱ्याला ते पत्र परकं वाटायचं कारण नाही.

पौल तिथं काय सांगतो ते स्वतः वाचा, पूर्ण वाचा. थोडक्यात असं: मूर्ती म्हणजे काही नाही, अन्न देवाचंच आहे, पण पूजेत सहभागी होऊ नका, आणि तुमच्या खाण्यानं एखाद्या दुबळ्या भावाच्या विवेकाला ठेच लागत असेल तर तुमचा हक्क सोडा. आपल्यातले काही जण प्रसाद घेत नाहीत, काही वाटलेलं खोबरं खाऊ म्हणून घेतात. मी घेत नाही, कारण माझ्याबरोबर चर्चमधली लहान पोरं मॅच बघायला यायची आणि ती माझ्याकडं बघून ठरवायची. नाही म्हणताना हात जोडून, हसून म्हणा. हात झटकून नव्हे.

गुलालाला मी कधी नाही म्हटलं नाही. कोल्हापुरात निवडणूक जिंकली तरी गुलाल असतो आणि बैलगाडीची शर्यत जिंकली तरी. माझ्या लेखी तो आनंदाचा रंग आहे. तुमच्या मनाला पटत नसेल तर लावू नका, पण मग पळून जाऊ नका. मिरवणुकीत सामान उचला, पाणी वाटा.

तिसरी पायरी: कागद खरा असू द्या

चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालच्या स्पर्धांत वयाचे दाखले फिरवले जातात, हे मैदानाभोवती वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 'सगळेच करतात' म्हणून कुणीतरी तुमच्या वडिलांकडं येईल. एक वर्ष कमी केलं की जिल्ह्याची निवड पक्की, पुढं क्रीडागुणांचा फायदा, असं सांगेल. नाही म्हणा. हाडांच्या चाचणीत पकडले जाल म्हणून नव्हे, जरी त्या चाचण्या आता होतात. तुम्ही वय चोरलंत की एका खऱ्या तेरा वर्षांच्या पोराची जागा जाते, आणि ते पोर घरी जाऊन स्वतःला कच्चं समजतं. त्याच्याकडून तुम्ही चोरी केली.

आई-वडिलांना विनंती: बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात लेकराची खरी जन्मतारीख आहे. तुम्ही ती देवासमोर दिलीत. क्रीडा अधिकाऱ्यासमोर दुसरी देऊ नका.

कुस्तीतल्या आणि जिममधल्या पोरांसाठी इथंच सांगतो. वजन उतरवायच्या गोळ्या, कुणीतरी 'ताकदीचं' म्हणून दिलेलं इंजेक्शन, नाव नसलेल्या डब्यातली पावडर, यातलं काहीही घेऊ नका. पौल तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:५) सांगतो की नियमानं खेळल्याशिवाय मुकुट मिळत नाही. वस्तादांना विचारायला लाज वाटत असेल अशी कोणतीही गोष्ट पोटात जाऊ देऊ नये.

चौथी पायरी: मॅचच्या दिवशी

गळ्यातला क्रूस घरी काढून ठेवा. फुटबॉलच्या नियमांत कसलाही दागिना चालत नाही, वरून चिकटपट्टी लावूनही नाही. दरवर्षी एखादा नवा पोरगा यावरून रेफ्रीशी वाद घालतो आणि 'धर्मासाठी' घालतोय असं त्याला वाटतं. रेफ्री त्याचं काम करतोय. जर्सीखालच्या बनियनवर वचन लिहून गोलनंतर दाखवायचं असेल तर तेही विसरा. काका नावाच्या ब्राझिलियन फुटबॉलपटूनं २००७ च्या चॅम्पियन्स लीग फायनलनंतर येशूचं नाव लिहिलेला शर्ट दाखवला होता, ते चित्र सगळ्यांच्या डोक्यात आहे. पण आजच्या नियमांत धार्मिक मजकूर दाखवायला मनाई आहे आणि जर्सी काढली की पिवळं कार्ड ठरलेलं. साक्ष देण्याच्या नादात टीमला अडचणीत आणू नका.

प्रार्थना काय करायची? मी लहानपणी 'प्रभू, आम्हाला जिंकव' म्हणायचो. मग एकदा लक्षात आलं की समोरच्या टीमचा स्ट्रायकरही आमच्याच चर्चमध्ये दोन बाक मागं बसतो. तेव्हापासून माझी प्रार्थना तीन गोष्टींची झाली: कुणाचा पाय मोडू नये, मी जितकं शिकलोय तितकं आज पुरं खेळावं, आणि रेफ्रीची पाठ असताना मी तोच असावा जो त्याच्या समोर असतो. तिसरी मागणी सगळ्यात अवघड. लेस बांधतानाही ती करता येते, फक्त लेस खरंच सुटलेली असावी.

पाचवी पायरी: मैदानात

आधी एक गैरसमज काढून टाकतो. चर्चमधली नवी पोरं पाय काढून खेळतात. बॉल मोकळा असताना थांबतात, समोरच्याला वाट देतात, आणि त्याला नम्रता म्हणतात. ही नम्रता नाही. तुम्ही दहा जणांबरोबर उभे आहात आणि त्यांना तुमचा पूर्ण जोर हवा आहे. बॉलवर टॅकल मारा, खांद्याला खांदा लावा, हेडिंगला उंच उडा. कडक आणि स्वच्छ खेळणाऱ्या बॅकबद्दल समोरच्यांनाही आदर असतो. फरक पडतो तो बॉल निघून गेल्यावर उरलेल्या पायाचा. तो कुठं जातो, हे तुम्हाला माहीत असतं आणि देवाला.

मुद्दाम पडायचं नाही. नियमात त्याला पिवळं कार्ड आहे, पण रेफ्रीला दिसलं तर. न दिसलं तर पेनल्टी मिळते आणि पेठ तुम्हाला खांद्यावर घेते. म्हणूनच हे घरी ठरवून यायचं. कोचनं 'बॉक्समध्ये पड' सांगितलं तर? ही वेळ येते. मी शिकवताना पोरांना सांगतो की वाद घालू नका, "जमणार नाही सर, पण मी बॉल घेऊन आत शिरतो" एवढं म्हणा, आणि खरंच शिरा. बाहेर बसवलं तर बसा.

हाताला लागलेल्या बॉलचं काय? २०१२ च्या सप्टेंबरमध्ये इटलीत लाझिओकडून खेळताना मिरोस्लाव्ह क्लोजच्या हाताला लागून नापोलीविरुद्ध गोल झाला. रेफ्रीनं गोल दिला होता. क्लोजनं स्वतः सांगितलं की हात लागला. गोल रद्द झाला, आणि लाझिओ तो सामना ०-३ हरली. खरं बोललं की देव सामना जिंकवून देतो, असं कुणी सांगत असेल तर हा निकाल लक्षात ठेवा. आपल्याकडं १९८० मध्ये मुंबईच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत कर्णधार विश्वनाथनं पंचांनी बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला परत बोलावलं. टेलरनं बोथमबरोबर १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत दहा विकेटनी हरला. विश्वनाथ काही ख्रिस्ती नव्हे. सचोटी ही आपली एकट्याची मिरास नाही, आणि ज्याच्याकडं ती दिसेल त्याच्याकडून शिकायला आपल्याला कमीपणा वाटू नये.

प्रत्येक थ्रोला रेफ्रीकडं धावत जाऊन कबुली द्या, असं मी म्हणत नाही. शंका असेल तिथं निर्णय रेफ्रीचा. पण पक्कं माहीत असेल, आणि त्यावर गोल उभा राहत असेल, तर बोला. हे मी न बोलता शिकलो. एका सेमीफायनलला बॉल माझ्या पायाला लागून बाहेर गेला, लाइन्समननं थ्रो आम्हाला दिला. मी पटकन घेतला. त्यातून गोल झाला, आम्ही जिंकलो. पुढच्या रविवारी प्रभूभोजन होतं आणि माझा हात भाकरीकडं जाईना. मत्तयात लिहिलंय ना, वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जा. मी उठून बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी त्या टीमच्या बॅककडं गेलो, त्याचं गॅरेज होतं. सांगितलं. तो हात पुसत म्हणाला, "सोड की, मी बी घेतला असता." तो मोठ्या मनानं बोलला, पण माझं ओझं त्यानं हललं नाही. फायनल आम्ही खेळलो, ते लोक स्टँडमधून बघत होते.

रेफ्रीबद्दल दोनच वाक्यं. त्याच्याशी फक्त कॅप्टन बोलतो. आणि मोसमात एकदा तरी पोरांच्या सराव मॅचला स्वतः शिट्टी घेऊन उभे राहा, म्हणजे बावीस जण एकदम ओरडतात तेव्हा नेमकं किती दिसतं ते कळेल.

सहावी पायरी: शिवीला काय उत्तर द्यायचं

कोल्हापुरात मॅच म्हणजे ईर्ष्या. पेठेची, रस्त्याची, घराण्याची. ती मला आवडते, तिच्यामुळंच हे शहर भर उन्हात फुटबॉल बघायला येतं. पण त्याच ईर्ष्येत आई-बहीण येते, आणि कधी कधी तुमचं चर्चही येतं. 'ए पाद्री' ही हाक मी शेकडो वेळा ऐकलीय.

उत्तर आधी ठरवून ठेवा. माझं ठरलेलं होतं: मी समोरच्याचा जर्सी नंबर मोठ्यानं म्हणायचो आणि आमच्या पोराला हाक द्यायचो, "नऊ नंबर धर!" तोंडाला काम मिळतं आणि डोकं खेळात राहतं. दुसऱ्या एका मित्रानं ठरवलं होतं की शिवी आली की सॉक्स वर ओढायचे. काहीही चालेल, पण ते सरावातल्या मॅचमध्ये घोटलेलं पाहिजे. पेत्राच्या पहिल्या पत्रात (२:२३) प्रभूविषयी लिहिलंय की निंदा होत असता त्यानं उलट निंदा केली नाही. हे वचन मॅचच्या आदल्या रात्री वाचायचं आहे. शिवी कानावर पडल्यावर आठवत बसायला सवड नसते. तुम्ही उलट शिवी दिलीत तर रेफ्री लाल कार्ड दाखवू शकतो, थुंकलात तरी लालच. आणि दुसरा हात बघितला जातो, पहिला नाही, हे फुटबॉलमध्ये सगळीकडं खरं आहे.

तरी एखाद्या दिवशी तोल जाईल. इफिसकरांस पत्रात म्हटलंय, तुमच्या रागावर सूर्य मावळू नये. आपल्या मॅचेस संपतात तेव्हा सूर्य मावळायलाच आलेला असतो. म्हणजे हात मिळवायला जायचं ते त्याच वेळी, टनेलपाशीच. उद्यावर टाकलं की मध्ये रात्र येते, रात्रीत ग्रुपवर व्हिडिओ फिरतात आणि सकाळपर्यंत दोन माणसांचं भांडण दोन पेठांचं होतं. राड्यात उभंसुद्धा राहू नका. 'मी नुसता बघत होतो' असं सांगणाऱ्या पोरांचीही नावं तक्रारीत येतात, आणि मग नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत ते निस्तरावं लागतं.

इथंच एक कळकळीची गोष्ट. गेली अनेक वर्षं आपल्या संघांतून नायजेरिया आणि इतर आफ्रिकी देशांतले खेळाडू खेळतात. स्टँडमधून त्यांच्या रंगावरून जे ओरडलं जातं ते ऐकून मान खाली जाते. कुणीतरी घर सोडून हजारो मैलांवर एका खोलीत राहतोय, आणि आपण त्याला माकड म्हणतोय. तुमच्या शेजारचा मित्र ओरडत असेल तर त्याला तिथंच थांबवा, मैत्री तुटली तरी. त्या खेळाडूंतले काही जण ख्रिस्ती आहेत. मराठी उपासना कळली नाही तरी गायनाची चाल कळते. नाताळला एकाला घरी जेवायला बोलवा. करंज्या, चकल्या, मटण. भाषा मोडकी चालेल.

सातवी पायरी: निकालानंतर

हरल्यावर देवाची इच्छा म्हणून मोकळं व्हायची आपल्याला सवय आहे. कधी कधी ती इच्छा नसते, आपला स्टॅमिना कमी पडलेला असतो. मॅचचा व्हिडिओ बघा, चूक लिहून काढा, सोमवारी रंकाळ्याला एक फेरी जास्त मारा. राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले होते, कांस्यपदक आलं १९५२ ला हेलसिंकीत. मधली चार वर्षं त्यांनी मातीत घालवली. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. स्वतः कधीच मैदानात न उतरणारी अशी माणसं तुमच्याही मागं असतात. घरी गेल्यावर आईनं बूट धुतलेत का बघा, आणि पुढच्या वेळी स्वतः धुवा.

जिंकल्यावर 'सर्व गौरव प्रभूला' असं स्टेटस ठेवता, छान. पण त्याच स्टेटसच्या खाली हरलेल्या टीमला टोमणा असेल तर दोन्ही एकदम पुसा. आनंद करा, भरपूर करा, फक्त आधी समोरच्या अकरा जणांशी हात मिळवून.

बाकावर बसणं सगळ्यात कठीण, विशेषतः तुमच्या जागेवर खेळणारा गोल मारतो तेव्हा. रोमकरांस पत्रात आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करायला सांगितलंय. मला रडणाऱ्यांबरोबर रडणं कायम सोपं गेलंय, हे मात्र कधीच नाही. एकच युक्ती उपयोगी पडली: हाफ टाइमला त्या पोराला पाण्याची बाटली मी स्वतः नेऊन द्यायचो. पहिल्या दोन-तीन वेळा मनात जळफळाट असायचा. तरी द्यायचो.

शेवटी, एक माणूस शोधा. पाळकसाहेब असतील, संघातला मोठा भाऊ असेल, एखादी आत्या असेल. दर सोमवारी त्या माणसानं तुम्हाला एकच विचारावं: काल रेफ्रीची पाठ असताना काय झालं? स्कोअर विचारायचा नाही. तरुण संघाला माझी सूचना अशी की खेळणाऱ्या पोरांची मॅच बघायला जा, सहा-सात जण तरी. ती उपासनेला आली नाहीत की नावं ठेवायला आपण सगळे असतो, पण स्टँडमध्ये आपलं कुणी नसतं.

आणि तुमच्या टॅकलनं कुणी जखमी झाला असेल, फाऊल नसला तरी, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडं जा. सीपीआर रुग्णालयात असेल तर भेटीची वेळ आधी विचारून घ्या. जर्सी घालून जाऊ नका, टीमला घेऊन जाऊ नका, फोटो काढू नका. चार मोसंबी न्या, त्याच्या आईला आधी नमस्कार करा आणि आपलं नाव सांगा. ती बोलेल ते ऐकून घ्या.